जुना ट्रक भंगारात घालायचा की त्याचं घर करायचं? आधी कागद, मग वेल्डिंग

बारामती : भिगवण रोडनं एमआयडीसीत शिरलं की गॅरेजच्या मागं, बाभळीखाली एखादा तरी जुना ट्रक उभा दिसतोच. टायर बसलेले, काच तडकलेली, फाळक्यावरचं नाव अर्धं पुसलेलं. मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं असतं, “भंगारात घालवत नाही हो, या गाडीवर घर उभं राहिलंय.” आता मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून घरातली पोरं म्हणायला लागलीत, गाडीवर घर उभं राहिलंच आहे, तर गाडीतच एक उभं करू.

होतं का असं? होतं. पण व्हिडिओत दाखवतात ते रंगकाम आणि गादी. न दाखवलेली गोष्ट म्हणजे आरटीओ, गंज आणि मे महिन्यातला पत्रा. इंदापूर-बारामतीत या तिन्हींशी गाठ पडल्याशिवाय राहत नाही, म्हणून हा खटाटोप नीट समजून घेऊ.

अमेरिकेत ज्याला सेमी ट्रक म्हणतात, त्यातल्या पुढच्या ओढणाऱ्या भागाला आपल्याकडचे ड्रायव्हर ‘घोडा’ म्हणतात, मागं जोडायचा तो ट्रेलर. तिकडं घोड्याच्या केबिनमागं पलंग, ओटा, फ्रीज असलेली खोलीच असते. आपल्याकडं सहाचाकीच्या केबिनमध्ये सीटमागची फळी हाच पलंग, आणि बॉडीखालच्या लोखंडी पेटीत स्टोव्ह, तवा, पिठाचा डबा. म्हणजे ट्रकमध्ये राहणं आपल्याला नवीन नाही. नव्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी बंधनकारक व्हायला १ ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला, एवढंच.

ड्रायव्हरच कशाला, तमाशाचे फड बघा. रात्री वग संपला की राहुटी, पेट्या, माणसं सगळं गाडीत, आणि उजाडायला पुढचं गाव. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये तर जुन्या ट्रकचा मागचा भाग हीच प्रोजेक्टरची खोली. दिवसा त्याच ट्रकच्या सावलीत स्वयंपाक, रात्री त्यातूनच पिक्चर. या फिरत्या टॉकीजवरचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. आणि तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत जाते तेव्हा प्रत्येक दिंडीमागचा ट्रक आपण बघतोच. तंबू, भांडी, धान्य, सगळा संसार त्यात असतो.

सगळ्यात जवळचं आणि शिकण्यासारखं उदाहरण मात्र पुण्यातलं आहे. २०१६ पासून पुण्यात उल्का सादलकर आणि राजीव खेर यांनी सेवेतून काढलेल्या जुन्या सिटी बसची बायकांसाठी स्वच्छतागृहं केली, ‘ती’ नावानं. आत संडास, बेसिन, बाळाला पाजायला जागा. ही बस एका जागी उभी राहते. ती पळवायची नाही हे ठरलं की इंजिन, ब्रेक, फिटनेस हे प्रश्न मागं पडतात आणि पाणी, वीज, सांडपाणी हे प्रश्न पुढं येतात. ट्रकचं घर करणाऱ्यानंही पहिल्या दिवशी हेच ठरवायचं असतं, फिरतं घर की उभं घर? अर्धं हे अर्धं ते करायला गेलं की पैसे दोन्हीकडं जातात.

फिरतं घर हवं असेल तर

इथं कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकात कंपनीच्या मूळ रचनेची जी माहिती आहे, तिच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठासून सांगितलं. परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागं ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

घर असलेल्या गाडीला सरकारी भाषेत ‘मोटार कॅराव्हॅन’ म्हणतात आणि तिच्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. गाडीचा नमुना तपासून मंजूर करावा लागतो. हे काम करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यातच आहे. राज्याच्या पर्यटन विभागानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरणही आणलं. पण ही सोय मंजूर नमुन्याच्या गाड्यांची आहे. आपल्या वीस वर्षं जुन्या मालट्रकवर गावातल्या वेल्डरकडून खोली चढवली आणि ‘एमएच-४२’ची तीच पाटी लावून गोव्याला निघालो, असं चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला बोट तिथंच ठेवणार.

त्यात जुन्या गाडीचा खर्च वेगळाच. १५ वर्षांवरच्या जड वाहनाचं फिटनेस नव्यानं काढायची फी १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये झाली, आणि फिटनेस संपल्यावर उशिराचे रोज ५० रुपये वेगळे. त्यानंतर गाडीच्या वयाप्रमाणे दर आणखी चढले आहेत. आजचा आकडा परिवहनच्या पोर्टलवर बघूनच गणित मांडा. वर पर्यावरण कर आहेच.

मग मधला रस्ता? आहे एक, आणि मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. ट्रक मालट्रकच ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. घर वेगळं करायचं. लोखंडी चौकटीची १० बाय ७ फुटांची खोली, जी रिकामी असताना माल म्हणून ट्रकवर चढवता येते आणि शेतात नेऊन हायड्रानं उतरवता येते. एमआयडीसीत हायड्रा कुठंही मिळतो. खोलीच्या तळाला चार कोपऱ्यांत आणि वर उचलायला चार ठिकाणी मजबूत कडे हवेत. वाहतुकीत खोलीत माणूस बसवायचा नाही, कारण मालगाडीत प्रवासी नेता येत नाहीत. फाळक्याबाहेर काही निघालेलं नको आणि खोली साखळदंडानं चारही बाजूंनी आवळलेली हवी.

उभं घर करायचं असेल तर आधी गाडी ‘मारा’

ऐकायला वाईट वाटतं, पण बऱ्याच जणांचं नुकसान इथंच होतं. ट्रक शेतात उभा केला, चाकं काढून विटांवर ठेवला म्हणून सरकारदरबारी तो बंद होत नाही. नोंदणी चालू आहे तोवर कराची थकबाकी वाढू शकते. थोड्या काळासाठी गाडी उभी राहणार असेल तर आरटीओला ‘नॉन यूज’चा अर्ज आधी द्यावा लागतो, नंतर दिलेल्या अर्जाचा उपयोग नाही. आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचीच नसेल तर नोंदणी रद्द करून घ्या. कायमची निकामी झालेली गाडी १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवावी, असं कलम ५५ म्हणतं. बारामती, इंदापूर, दौंडकरांसाठी हे काम बारामतीच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात होतं.

त्याआधी तीन गोष्टी मोकळ्या करा. बँकेचा बोजा असेल तर ना-हरकत घेऊन फॉर्म ३५, राहिलेला कर, आणि ई-चलन. ई-चलन तर मालकाच्या ध्यानीमनी नसताना सोलापूर हायवेवर साचलेलं असतं.

दुसरी चूक याहून मोठी. गाडी भंगारवाल्याला तोंडी विकतात, आरसी कपाटात ठेवतात किंवा त्यालाच देऊन टाकतात. तीच गाडी, नाहीतर तोच नंबर, पुढं कुठं फिरला आणि माणूस मेला, तर नोटीस तुमच्या घरी येते. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. मधे कितीही हात बदललेले असोत.

नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी दिली तर जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर नवी मालगाडी घेताना करात १५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. पण मागची बॉडी घरासाठी ठेवून फक्त चेसिस-इंजिन देता येईल का, हे केंद्राला गाडी नेण्याआधी विचारा आणि लेखी घ्या. सौदा करताना एक साधं गणित ध्यानात ठेवा. रिकामा सहाचाकी ट्रक साधारण ५ ते ६ टन भरतो. वजनकाट्याची पावती हातात असली की भंगारवाल्याचा ‘नजरेचा अंदाज’ चालत नाही.

जागेचंही बघा. गायरान, कालव्याची हद्द, रस्त्याची कड इथं उभा केला तर ते अतिक्रमणच, चाकं असोत नसोत. एमआयडीसीतल्या प्लॉटवर कामगार ठेवायला बॉडी उभी करायची असेल तर भाडेपट्ट्यात प्लॉटचा वापर काय लिहिलाय ते आधी वाचा. स्वतःच्या शेतात असेल तरी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन पोच घेतलेली बरी. ‘हे बांधकाम नाही, गाडी आहे’ हा युक्तिवाद पारावर चांगला वाटतो, सुनावणीत किती टिकेल याची खात्री नाही.

गंज कुठं लपतो

आता गाडीकडं येऊ. आपल्या भागात अजून जुन्या टाटा गाड्या भरपूर आहेत. टेल्को आणि जर्मनीच्या डायम्लर-बेंझचा करार १९५४ चा, तो १९६९ पर्यंत चालला. त्याच घराण्यातून पुढं आलेलं ‘सहाशे सत्त्याण्णव’ इंजिन, सहा सिलिंडर, ५,६७५ सीसी, कुठल्याही मिस्त्रीला डोळे झाकून खोलता येतं. म्हणून जुनी टाटा दुरुस्त करणं अवघड नाही. अवघड आहे ते हे ठरवणं की ती दुरुस्त करावी का.

पहिली नजर इंजिनवर नको, चेसिसवर हवी. दोन लांब पट्ट्या असतात, त्यांवर हातोडीनं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड जिवंत, बद्द आवाज आला तर आतून खाल्लेलं. जिथं पाटे अडकवलेत ते हँगर, जिथं आडव्या पट्ट्या रिबिटनं जोडल्यात ते सांधे, आणि बॉडीच्या लाकडाखालची जागा, गंज इथं बसतो. उसाच्या गाडीला, मळीच्या गाडीला तो जास्त. रंगाखाली फुगवटा दिसला तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही आणि वेल्डिंगचा टाका मारायचा नाही, हा बॉडीवाल्यांचा जुना नियम आहे. बॉडी यू-बोल्टनं आवळतात ते त्यासाठीच. टाका मारला की तिथलं लोखंड ठिसूळ होतं आणि भेग तिथूनच सुरू होते.

गाडी चालती ठेवायची असेल तर दुरुस्तीचा क्रम असा धरा, आधी थांबायचं, मग वळायचं, मग पळायचं. ब्रेक लायनर, हवेच्या टाक्या (खालून पाणी काढून), होसपाइप. मग किंगपिन, टायरॉड, हब ग्रीसिंग. शेवटी इंजिन. बंद गाडीच्या टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका, नाहीतर गाळ थेट पंपात आणि नोझलला जातो. ऑइलच्या टोपणातून धूर भकाभका येत असेल तर लायनर-पिस्टनचं काम निघणार हे धरून चाला. टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा २३ वा आठवडा. उन्हात उभा राहिलेला टायर नक्षी शाबूत असताना फुटतो.

अजून एक. ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, १२ च्या दोन बॅटऱ्या जोडून. लाइट-पंख्यासाठी त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टची तार ओढतात. मग एक बॅटरी कायम उपाशी, दुसरीला जास्त चार्ज, आणि दोन्ही वर्षभरात बाद. मधे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर टाका, किंवा घराची बॅटरी वेगळीच ठेवा.

आणि आतलं काम. खाटेचा एक पाय खड्ड्यात गेला तर खाट पिळते, तसा ट्रकचा चेसिस रस्त्यावर पिळतो. तो पिळण्यासाठीच बनवलेला आहे. त्यावर घट्ट बांधलेल्या खोलीत टाइल्स, काच, सिमेंट-शीट टिकत नाही. उभ्या घराला ही अडचण नाही, पण ते पातळीत हवं. टायरवर उभं ठेवू नका. एक टायर बसला की दार लागत नाही. चारही बाजूंना दगड-सिमेंटचे ठोकळे करून चेसिस त्यांवर टेकवा.

पत्रा, ऊन आणि करंट

मालट्रकची बॉडी साधारण १७-१८ फूट लांब, ७ फूट रुंद. म्हणजे सव्वाशे चौरस फुटांची खोली. रखवालदाराला, हंगामी मिस्त्रीला, द्राक्ष-डाळिंबाच्या बागेवर राहणाऱ्या जोडप्याला पुरते. पण एप्रिल-मेमध्ये नुसत्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बसून दाखवा. भट्टी असते. वरून पांढरा रंग, त्यावर एक फूट उंच दुसरं छप्पर किंवा शेडनेट, मधून वारा जायला मोकळी जागा, याचा फायदा आतल्या महागड्या सजावटीपेक्षा जास्त. आत दोन इंच थर्माकोल किंवा पफ आणि त्यावर प्लाय. थर्माकोल उघडा ठेवू नका, आग भराभर धरतो आणि धूर विषारी. सावलीसाठी वर उसाचं पाचट टाकायची युक्ती स्वस्त आहे, पण चुलीची एक ठिणगी पुरते. डेअरीची किंवा आइस्क्रीमची जुनी पफवाली बंद बॉडी मिळाली तर उघड्या बॉडीपेक्षा ती घ्या. भिंत आणि उष्णतारोधक दोन्ही एकात येतं. फक्त तिला खिडक्या पाडाव्या लागतील, कारण ती हवा न जाण्यासाठीच बनवलेली असते.

हवेचा विषय हसण्यावारी नेऊ नका. थंडीत दार लावून आत शेगडी किंवा कोळशाची घमेली ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटरही आत किंवा खिडकीजवळ नको. गॅस सिलिंडर बाहेर जाळीच्या पेटीत ठेवा, पेटीच्या तळाला भोकं पाडा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खालीच साचतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून तो जात नाही.

विजेचं तर यापेक्षा वाईट. घर अख्खं लोखंडाचं आणि खाली टायर रबराचे. एखादी तार सोललेली असली तर करंट जमिनीत उतरत नाही, पूर्ण बॉडीत राहतो. आत बसलेल्याला काही कळत नाही. अंगणातून ओल्या पायानं येऊन पायरीच्या दांड्याला हात लावणाऱ्या पोराला तो बसतो. म्हणून बॉडीला स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, हे दोन खर्च टाळायचे नाहीत. पत्र्याच्या कडेतून तार नेताना नळी घालायची. शेतीपंपाच्या कनेक्शनवरून तार ओढू नका. ज्या कामासाठी जोड दिली त्याव्यतिरिक्त वापर केला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होते.

सोलर परवडतो का? दोन ९ वॅटचे दिवे पाच तास, म्हणजे ९० युनिट नव्हे, ९० वॉट-तास. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा दहा तास, ३००. मोबाईल वगैरे ४०. बेरीज ४३०. २०० वॅटचं एक पॅनल आपल्या उन्हात तूट धरून एवढं आरामात देतं, आणि १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची बॅटरी अर्धीच वापरली तरी रात्र निघते. यात कूलर, मिक्सर, फ्रीज बसत नाही.

पाण्याची टाकी टपावर चढवायचा मोह होतो. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि ते हलतं. शेजारी लोखंडी मांडणी करून त्यावर ठेवा. संडास बॉडीत नको, बाजूला दोन शोषखड्ड्यांचा करा, विहीर-बोअरपासून लांब. सांडपाणी नीरा डाव्या कालव्याच्या चारीला सोडून द्यायचं मनातही आणू नका, खाली तेच पाणी कुणीतरी गुरांना पाजतो.

उसाच्या हंगामात सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरच्या भोवती तोडणी मजुरांच्या कोप्या पडतात तेव्हा हमखास कुणीतरी म्हणतं, भंगारातल्या ट्रकच्या बॉड्या यांना द्या की राहायला. कल्पना वाईट नाही. पाऊस, साप, विंचू यापासून कोपीपेक्षा ती बरीच. पण वर लिहिलेलं अर्थिंग, दुहेरी छप्पर आणि संडास न करता नुसता पत्र्याचा डबा दिला, तर ती मदत नाही, भंगार सरकवणं आहे. आणि रात्री दाराला आतून कडी हवी, बाहेरून कुलूप नव्हे.

खर्चाचा अंदाज काढायचा असेल तर एमआयडीसीत जाऊन तीन दर वेगवेगळे विचारा. लोखंडी चौकटीचा किलोचा दर मजुरीसह, पफ पॅनलचा चौरस फुटाचा दर, आणि हायड्राचा तासाचा दर. बेरीज तेवढ्याच मापाच्या विटांच्या खोलीशी ताडून बघा. विटांची खोली स्वस्त निघाली तर ट्रकला नमस्कार करून रीतसर स्क्रॅपला द्या, आणि नंबरप्लेट काढून घ्यायला विसरू नका.